शब्द साहेबांचे, हात माझे

मंगळवार, १३ मार्च

गोळीबार अजून चालू आहे आणि साहेब म्हणतात, परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे! म्हणाले ते. पण शहरातल्या ऐकू न येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं कोणी? मी. माझ्या या दोन हातांनी.

सचिवालयाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून लिहितेय. पुढची पत्रकार परिषद कधी ते कोणालाच ठाऊक नाही. दुपारी कापड बाजारासमोरच्या बसथांब्यावर स्फोट झाला. लोक जीव घेऊन पळाले आणि जवळची आडोशाची जागा म्हणून बाजाराच्याच इमारतीत शिरले. आणि बंदूकवाले त्यांच्या मागोमाग आत. किती मेले, किती अडकले, कोणी सांगत नाही. खिडकीतून धूर दिसतोय.

मी कोर्टात एका बहिऱ्या साक्षीदाराची दुभाषी म्हणून होते. गाडी पाठवून उचलून आणलं. नेहमी हे लोक मला रस्त्यांच्या नाहीतर लसीकरणाच्या घोषणेला बोलावतात. साहेब, म्हणजे गृहमंत्री, एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये झेंडा. आज झेंड्याची चुणी नीट पडत नव्हती म्हणून सगळं खोळंबलं. शहर जळतंय आणि एक माणूस स्टुलावर चढून चुणी सारखी करतोय!

तो माणूस म्हणजे जनसंपर्क अधिकारी. मी मनात त्याला इस्त्री म्हणते. शर्टाला कधी सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही. त्याला म्हटलं, संचारबंदीची घोषणा पोलीस भोंग्यावरून करतायत. आमच्या लोकांना भोंगा कसा ऐकू जाणार? मोबाइलवर संदेश पाठवा. आणि नाक्यांवरच्या पोलिसांना सांगून ठेवा, की हाक मारून एखादा थांबला नाही तर तो बहिरा असू शकतो.

'नोंद घेतली आहे, मॅडम.'

कुठे घेतली? हातात पेनसुद्धा नव्हतं.

बुधवार, १४ मार्च

संदेश पाठवणं राहिलं बाजूला, बाजाराच्या भागातले मोबाइलच बंद करून टाकले! का, तर अफवा पसरू नयेत. म्हणजे आमच्या लोकांचा उरलासुरला आधारही गेला. धन्य आहे.

आज चार वेळा उभी राहिले. चारही वेळा तेच. कठोर शब्दांत निषेध. कोणाचीही गय केली जाणार नाही. हल्ल्यामागचे हात शोधून काढू. अजून लोक आत अडकलेत, आतून गोळ्यांचे आवाज येतायत, आणि हे निषेध करतायत.

एक गोष्ट मात्र नवी सांगितली. हल्लेखोरांचा एक साथीदार काल संध्याकाळी नाकाबंदीवर पकडला. बाजाराच्या बाजूने धावत आला, हाक मारूनही थांबला नाही. पोलिसांनी प्रसंगावधान राखून मांडीत गोळी घातली. आता इस्पितळात, कडक पहाऱ्यात. हे सांगताना साहेबांचा आवाज पहिल्यांदा जरा वर चढला. दाखवायला काहीतरी मिळालं ना!

घरी आले तर आई टीव्हीसमोर. माझी आई जन्मापासून ऐकत नाही. बाबाही ऐकत नसत. घरात बोलणारी मी एकटी, आणि बोलण्याची गरजच नसलेली. मी चप्पल काढते न काढते तोच तिने विचारलं — हातांनीच, अर्थात — 'तुझ्या हाताला काय झालं? सकाळपासून तेच वाक्य करतेयस.'

म्हटलं, साहेब तेच बोलतात.

'मग तू तरी बदलून सांग. कंटाळा येतो.'

चिडले तिच्यावर. माणसं मेलीत आणि तुला कंटाळा येतो? ती म्हणाली, माणसं मेलीत म्हणूनच विचारतेय. कोण, किती, कुठे, बाहेर पडायचं की नाही, यातलं तू मला एकही सांगितलं नाहीस.

खरं आहे. मला सांगितलेलंच नाही, तर मी काय सांगू.

शिवाय म्हणाली, मी दिसत नाही. चॅनेलवाल्यांनी मला कोपऱ्यात एका गोलात टाकलंय. 'अंगठ्याएवढी दिसतेस. भिंग घेऊन बसू का?'

गुरुवार, १५ मार्च

संपलं. पहाटे कमांडो शिरले. तीन हल्लेखोर ठार. तीनच होते, असं साहेबांनी ठासून सांगितलं. वाचून बाहेर आलेले लोक म्हणतायत चार, कोणी म्हणतं पाच. घाबरलेल्या माणसाला जास्त दिसतात, असं इस्त्रीचं मत.

दुपारी साहेब स्वतः बाजार बघून आले. बुटांवर काळी राख. जरा हललेले वाटले. मला उगाच बरं वाटलं, की चला, माणूस आहे! पण मायक्रोफोन समोर आला आणि परत सुरू. इमारतीचा कोपरा न् कोपरा तपासला आहे. आत आता कोणीही नाही. पुराव्याला धक्का लागू नये म्हणून इमारत सीलबंद केली आहे.

'कोपरा न् कोपरा' कसं दाखवायचं? मी बोटाने हवेत एक खोली काढली, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येकीत डोकावून बघितल्यासारखं केलं. आईला आवडलं ते. म्हणाली, आज पहिल्यांदा काहीतरी समजलं.

संध्याकाळी बाजारावरून आले. फाटकाबाहेर बेपत्ता लोकांचे नातेवाईक उभे आहेत. एक बाई नवऱ्याचा फोटो छातीशी धरून पोलिसाला विचारत होती, 'मेलेल्यांत नाही म्हणता, जखमींत नाही म्हणता, मग आहे कुठे?' पोलीस म्हणाला, मृतदेह ओळखण्यापलीकडचे आहेत, तपासणी होईल, घरी जा, कळवू. त्याचाही आवाज बसला होता. त्या पोलिसावर तरी किती चिडायचं.

शुक्रवार, १६ मार्च

'संशयित तोंड उघडत नाही. तो पूर्णपणे पढवलेला आहे.' हे आज मी तीनदा सांगितलं. हात दुखतायत.

शनिवार, १७ मार्च

काय लिहू, कसं लिहू.

सकाळच्या पेपरात त्या संशयिताचा फोटो आला. पहिल्या पानावर. डोक्याला पट्टी, ओठ सुजलेला, अर्धा चेहरा झाकलेला. खाली ठळक अक्षरांत 'मौनी दहशतवादी'. मी दात घासत होते. आईने येऊन माझ्या पाठीत गुद्दा मारला आणि पेपर तोंडासमोर धरला.

'हा भुवई आहे.'

ऐकू न येणाऱ्यांत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. याची डावी भुवई कायम वर चढलेली असते, जन्माचं आश्चर्य वाटत असल्यासारखी. म्हणून खूण अशी — बोटाने भुवई वर ढकलायची. कापड बाजारात तळघरात गठ्ठे बांधतो. आईच्या क्लबात दर रविवारी पत्ते खेळायला येतो आणि आईच्या मते लबाडी करतो. जन्मापासून बहिरा. एक शब्द बोलता येत नाही. घरी कोणी नाही, खोली भाड्याची, म्हणून शोधायलाही कोणी आलं नसणार.

मौनी! पढवलेला!

आणि हाक मारूनही थांबला नाही!

इस्त्रीला फोन केला. दहाव्या वेळी उचलला.

'मॅडम, चेहऱ्याला चेहरा मिळतो.'

'माझी आई त्याला वीस वर्षं ओळखते.'

'फोटोत अर्धा चेहरा झाकलाय.'

'भुवई झाकलेली नाही ना!'

मग एकदम मऊ सूर. 'समजा, समजा तसं असेल. तरी साहेबांनी देशासमोर जाहीर केलंय. एकदम मागे घेतलं तर यंत्रणांचं मनोधैर्य खचतं. योग्य वेळी, योग्य पातळीवर, दुरुस्ती होईल. मी हे साहेबांच्या कानावर घालतो.'

मी म्हटलं, ती योग्य वेळ येईपर्यंत त्या माणसाला तुम्ही काय विचारणार आहात, आणि कुठल्या भाषेत?

'सोमवारी बोलू, मॅडम. उद्या सुटी आहे.'

सुटी!

रविवार, १८ मार्च

आईला घेऊन इस्पितळात गेले. फाटकातच अडवलं. पहाऱ्यावरच्याला मी समजावते आहे, तो मान हलवतो आहे, आणि मध्येच आईने सूत्रं हातात घेतली. त्याच्या नाकासमोर उभी राहून तिने जे काही हात चालवले, त्यातला एकही शब्द मी भाषांतर करून सांगितला नाही. तो बिचारा विचारत होता, 'आजी काय म्हणतायत?' म्हटलं, आजी तुमच्या तब्येतीची चौकशी करतायत.

दोन तास फुटपाथवर. मग पाळी संपवून एक नर्स बाहेर आली. पुढे गेली, थबकली, परत आली. 'तुम्ही टीव्हीवरच्या हातवाल्या बाई ना?'

तिने मला चहाच्या टपरीमागे नेलं. म्हणाली, त्या पेशंटच्या कॉटशेजारी परवा स्टीलचा ट्रे पडला, वॉर्डभर दणका, मी स्वतः किंचाळले, आणि हा माणूस पापणीसुद्धा न हलवता छताकडे बघत होता. मी पोलीससाहेबांना सांगितलं, याला ऐकू येत नसेल. ते म्हणाले, सिस्टर, त्यांना तसं ट्रेनिंग देतात.

म्हटलं, सिस्टर, तुमचे डॉक्टर कसे आहेत?

'तापट आहेत. पण ऐकतात.'

'मग त्यांना आत्ता सांगा. त्याचे कान तपासा म्हणावं. एवढंच.'

ती पाळी संपवून निघालेली बाई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून परत आत गेली. या सगळ्या आठवड्यात कोणीतरी मी सांगितलेलं लगेच केलं, असं आज पहिल्यांदा घडलं.

सोमवार, १९ मार्च

सकाळी इस्पितळातून इन्स्पेक्टरचा फोन. पेशंट बहिरा आहे असं डॉक्टरांनी लेखी दिलंय, दुभाषी पाहिजे. गाडी पाठवतोय.

गेले.

भुवईचे दोन्ही हात कॉटच्या दोन दांड्यांना बांधलेले होते! मनगटाला पट्ट्या, वर बेडी. मी दारातच विचारलं, हे काय आहे?

इन्स्पेक्टर तसा सभ्य माणूस, झोप न झालेला. म्हणाला, 'सारखे हातवारे करत होता, मॅडम. थांबायलाच तयार नाही. अंगावर येतोय असं वाटायचं. आणि काही सांकेतिक असेल म्हणून आम्ही त्याचा व्हिडिओ काढून तज्ज्ञांकडे पाठवलाय.'

'कुठल्या तज्ज्ञांकडे?'

'गुप्त लिपीच्या.'

रोज दिवसातून चार वेळा मी यांच्या मंत्र्याच्या शेजारी उभी राहून हात हलवते. यांच्या सगळ्या कार्यालयांत तो टीव्ही चालू असतो. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हा माणूसही तेच करतोय!

'हात सोडा.'

'सुरक्षेचा प्रश्न...'

'तोंडात बोळा कोंबून ठेवलाय आणि वर बोल म्हणताय. सोडा!'

सोडले. मनगटं सुजलेली, बोटं निळी. त्याने ती उघडमीट केली, उघडमीट केली. मला ओळखलं त्याने. आईची खूण केली — ती कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे, तुझ्या लबाडीची वाट बघतेय. तो हसला नाही. त्याचे हात चालत नव्हते, अडखळत होते, बोबडे झाले होते. मला एकच गोष्ट तीनदा विचारावी लागली.

तळघर. माणसं. उघडलं का?

काय उघडलं का?

मग सगळं बाहेर आलं. मंगळवारी त्याला ऐकू काहीच आलं नाही, फक्त पायाखालची फरशी हादरली. वर बघतो तर लोक जिन्यावरून एकमेकांवर कोसळत खाली येतायत. जो हाती लागेल त्याला त्याने पार्सलच्या गोदामात ओढलं. आतून कडी नाही, शटर बाहेरूनच लागतं. म्हणून याने त्यांना आत कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं, पुढे कापडाचे गठ्ठे रचले. बंद गोदाम आहे असं वाटावं म्हणून. आणि मागच्या बोळातून पोलिसांकडे पळत सुटला.

'मला ओरडता येत नाही. म्हणून धावत गेलो.'

किल्ली खिशात होती. कपड्यांबरोबर जप्त झाली.

मंगळवारपासून तो हेच सांगतोय. पहिल्या क्षणापासून. बांधेपर्यंत.

मी हे मोठ्याने बोलत होते आणि इन्स्पेक्टरचा चेहरा उतरत चालला होता. त्याने तिथल्या तिथे कंट्रोल रूमला फोन लावला. ऐकून घेतलं. फोन खाली ठेवला. 'म्हणतात, इमारत क्लिअर आहे. तपासून झालीय.'

आत नळ आहे, भुवई सांगत होता. पाणी आहे. वरती झरोका आहे. जिवंत असतील. तू जा.

सचिवालयात पोचले तेव्हा पत्रकार परिषदेची वेळ होत आलेली. इस्त्रीला दारात गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. खरंच घेतलं, त्याचा रंगही उडाला. पण सवय वाईट!

'सील चौकशी समितीचं आहे. समितीची परवानगी लागेल.'

'मग घ्या.'

'समितीची अजून नेमणूक व्हायचीय.'

तो कॉलर सारखी करत म्हणाला, 'आणि साहेबांनी सांगितलंय ना, कोपरा न् कोपरा तपासलाय. आज परत तेच सांगणार आहेत. परिषद होऊन जाऊ दे, मग मी शांतपणे...'

आत शिरले. माझ्या जागेवर उभी राहिले. साहेब सुरू झाले. निषेध, गय, यंत्रणा. हात आपोआप चालत होते. मग, 'मी पुन्हा एकदा ठामपणे सांगतो, इमारतीचा कोपरा न् कोपरा...'

माझे हात खाली आले. उचलेनात. ते वाक्य मला करताच येईना.

आणि मी बोलले. तोंडाने. 'तळघरात माणसं आहेत.' आवाज कसा पिचका निघाला! या खोलीत इतकी वर्षं येते, पण माझा आवाज कोणी ऐकलेला नाही. साहेब थांबले. मान वळवली. एखादी खुर्चीच बोलल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. पार्सलचं गोदाम. बाहेरून कुलूप आहे. पकडलेला माणूस बहिरा आहे, तो गेल्या मंगळवारपासून हेच सांगतोय. किल्ली पोलिसांकडे आहे.

सगळे मायक्रोफोन माझ्याकडे. आणि तेव्हा लक्षात आलं, की आईला आणि तिच्यासारख्यांना यातलं काहीच कळत नाहीये! म्हणून परत पहिल्यापासून हातांनी सांगितलं. इस्त्री माझ्या दंडाला धरायला आला होता. मी हात चालवते म्हटल्यावर त्याला कुठे धरावं तेच कळेना.

सोमवार, संध्याकाळ

परवानगी कोणी दिली माहीत नाही. बहुतेक कोणीच नाही. टीव्हीवर ऐकून फाटकावरचे नातेवाईक आत घुसले आणि पोलिसांनी त्यांना अडवलं नाही. अग्निशमनवाल्यांचा प्रमुख म्हणाला, कागद मागाहून बघू.

मी मागच्या बोळात उभी होते. तळघराचा जिना ढासळलेला. गठ्ठे अर्धवट जळून एकमेकांना चिकटलेले, शटर दिसतच नव्हतं. आणि वरच्या भिंतीवर कोणीतरी खडूने ठसठशीत खूण करून ठेवली होती. तपासलं.

किल्लीचा काही उपयोग झाला नाही, कुलूप धगीने जाम होऊन बसलं होतं. शटर कापलं.

पाच जण जिवंत. इमारतीचा म्हातारा पहारेकरी गेला. काल दुपारी गेला म्हणे. काल दुपारी मी इस्पितळाच्या फुटपाथवर बसले होते आणि यांची सुटी होती.

पहिली बाहेर आली ती एक शिंपीण. उजेडाने डोळे मिटलेले, दोन्ही बाजूंनी धरलेली. कोणीतरी पाणी पुढे केलं. ते न घेता तिने विचारलं, 'तो कुठेय? शटर लावणारा?'

फोटो छातीशी धरणारी बाईही तिथेच होती. तिचा नवरा त्या पाचांत होता. ती ओरडली नाही, रडली नाही, त्याला नुसत्या चापट्या मारत राहिली, खांद्यावर, गालावर.

घरी आले तर आई दारात. 'तुझे हात एकदम थांबले. मला वाटलं तुला झटका आला. टीव्हीला थोबाडीत मारली मी.'

मंगळवार, २० मार्च

साहेब आज म्हणाले — आणि मला हे हातांनी सांगायला लागलं — की शासनाच्या सतर्क यंत्रणांच्या अथक प्रयत्नांमुळे पाच नागरिकांचे प्राण वाचले.

मला काढतील असं वाटलं होतं. काढता येईना. बाहेर लोक माझा फोटो घेऊन उभे होते. तेव्हा इस्त्री नुसता एवढंच म्हणाला, 'आज फक्त हात, मॅडम. प्लीज.'

केलं मी. शब्द न् शब्द, इमानेइतबारे. 'अथक' करताना थोडी जास्त दमले असेन. आई सांगते, क्लबात हसून हसून लोळत होते.

दुपारी भुवईकडे. बेडी काढलीय, पहारा काढलाय, नर्सने कुठूनतरी मोसंबी आणून ठेवलीयत. पाच आले, एक गेला, हे सांगितलं. कोण गेला, त्याने विचारलं. पहारेकरी, म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्याने डोळे मिटले की त्याच्याशी बोलताच येत नाही, तुम्ही कितीही हात हलवा. मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाला, 'कुलूप मी घातलं.'

म्हटलं, तू घातलंस म्हणून पाच आहेत.

'कुलूप मी घातलं,' परत तेच. मी परत तेच. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

बुधवार, २१ मार्च

आता साहेब भुवईचा सत्कार करणार म्हणे! 'शूर नागरिक'. त्याच तोंडाने. झेंड्याची चुणी बघायला इस्त्रीने आजच माणूस लावलाय. आई विचारते, साडी कुठली नेसू.

गुरुवार, २२ मार्च

सकाळीच इस्त्रीचा फोन. त्या पाचांतला एक हल्लेखोरांतलाच निघाला. जिन्यात सापडलेल्या बंदुकीवरचे ठसे जुळले. ती टाकून तो पळणाऱ्या लोकांत मिसळला, आणि भुवईने त्यालाही हाताला धरून आत ओढलं. शिंपीण मानायला तयार नाही. म्हणते, तो तर रुमाल भिजवून पहारेकऱ्याच्या ओठांना लावत होता.

'साहेब पहिल्या दिवसापासून बरोबरच होते, मॅडम. साथीदारच तो बहिरा.' आवाजात सुटका झाल्याचा केवढा आनंद!

इस्पितळात भुवईला परत बेडी घातलीय. गाडी खाली उभी आहे. मला जाऊन त्याला विचारायचंय, त्या माणसाला आत का घेतलंस. त्याचं उत्तर मला आत्ताच दिसतंय. एकच खूण आहे ती, दोन्ही हात छातीशी — घाबरला होता.

आई पदराला धरून थांबवते आहे. काय झालं, विचारते. तिला अजून सांगितलेलं नाही.